भोपळ्यातला दिवा



मागच्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक गोष्ट घडली. मधल्या सुट्टीनंतर एका मुलाने वहीत काढलेलं चित्र मला दाखवलं. लाल भोपळा, त्याला कोरलेले डोळे, वाकडेतिकडे दात आणि आत पेटलेली मेणबत्ती! "बाई, ३१ ऑक्टोबरला आमच्या सोसायटीत हॅलोवीन आहे. मी हाडांचा सापळा होणार!" झालं! जो तो सांगू लागला. कुणी हडळ, कुणी मुंजा, कुणी वेताळ. तेवढ्यात कुणीतरी वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीकडे बोट दाखवून ओरडलं, "हिच्या धर्मात भुतांचा सण असतो!" सगळा वर्ग खो-खो हसला. खरं सांगते, मीही हसले.

ती मात्र हसली नाही. शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आम्ही २ नोव्हेंबरला वसईला जाणार आहोत. आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावायला. माझी आजी भूत नाहीये."

मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं गं. उद्या वर्गात नीट सांगते." मग घरी जाऊन पुस्तकं काढून बसले. त्यात जे सापडलं, ते आज तुम्हालाही सांगते.

आधी नाव बघू. 'हॅलोवीन'मधला 'हॅलो' म्हणजे फोनवरचा हॅलो नव्हे बरं का! जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पवित्र माणूस, म्हणजेच संत. आणि 'ईन' म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. त्याच्या आदली संध्याकाळ ती हॅलोवीन. म्हणजे नावात भूत कुठेच नाही, आहेत ते संत!

आता हा सण का सुरू झाला? पहिली सुमारे तीनशे वर्षं रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा अनेकदा छळ झाला. श्रद्धा सोडली नाही म्हणून कित्येकांना ठार मारलं गेलं. त्यांना रक्तसाक्षी म्हणतात. इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. लोक एकेका रक्तसाक्षीचा दिवस पाळत असत. पण वर्षाचे दिवस फक्त ३६५, आणि कितीतरी जणांची तर नावंसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. त्यांना कोण आठवणार? म्हणून सगळ्यांचा मिळून एक दिवस ठेवला गेला. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप चौथे बोनिफेस यांनी रोममधलं पँथिऑन हे जुनं देऊळ पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांना अर्पण केलं. तो दिवस होता १३ मे. पुढे इ.स. ८३५ च्या सुमारास, पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात, पश्चिम युरोपात १ नोव्हेंबर ही तारीख पक्की झाली.

त्यानंतर सुमारे दीडशे-दोनशे वर्षांनी फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा घालून दिली. संतांचा मान झाला, आता आपले साधेसुधे आजी-आजोबा, शेजारीपाजारी यांचीही आठवण हवी ना!

मग भुतं आली कुठून? आयर्लंडमध्ये फार पूर्वीपासून याच सुमारास 'सॅविन' नावाचा सण असे. सुगी संपली, गुरं रानातून घरी आली, थंडी आणि काळोख सुरू झाला. अशा रात्री परलोकाचं दार किलकिलं होतं, असं जुन्या आयरिश गोष्टींत येतं. हा सण पुसण्यासाठीच चर्चने १ नोव्हेंबर निवडला, असं पुष्कळजण सांगतात. पण गंमत बघा. इ.स. ८०० च्या सुमाराच्या एका आयरिश पंचांगात सर्व संतांचा सण २० एप्रिलला दिला आहे! म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. दोन सण शेजारी आले आणि हळूहळू एकमेकांत मिसळले, एवढं नक्की.

दारोदार खाऊ मागण्याचं काय? इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसं आणि मुलं घरोघर जात. घरवाले त्यांना छोटे गोड केक देत, आणि ती त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन जात आणि गाणं किंवा कविता म्हणूनच खाऊ मिळवत. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. १८४५ नंतर तिथे बटाट्याचं पीक बुडालं, मोठा दुष्काळ पडला आणि लाखो लोक अमेरिकेला गेले. तिथे मिळाला लाल भोपळा. मोठा आणि कोरायला सोपा!

सगळे ख्रिस्ती लोक हा दिवस सारखाच पाळतात असंही नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनीत आपले ९५ मुद्दे मांडले, म्हणून प्रॉटेस्टंट पंथातले अनेकजण तो दिवस धर्मसुधारणेचा म्हणून पाळतात. काहींना भुताखेतांची सोंगं मुळीच पसंत नाहीत. काही चर्चमध्ये मुलांना संतांचे पोशाख घालतात. आणि आपल्याकडे वसईत, मुंबईत, गोव्यात २ नोव्हेंबरला कबरी झाडून-पुसून त्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा भोपळ्याचं चित्र काढणारा मुलगा उठला आणि त्या मुलीला म्हणाला, "तुझी आजी कशी होती गं?" ती उभी राहिली. आजी वाडीतली चाफ्याची फुलं टोपलीत भरून पहाटेच्या गाडीने दादरला विकायला न्यायची, असं तिने सांगितलं. येताना नातीसाठी खारी आणायची. बोलता बोलता ती हसली. वर्गही हसला, पण यावेळचं हसू वेगळं होतं.

मुलांनो, सोंग घ्यायचं तर खुशाल घ्या. भोपळाही कोरा, फक्त सुरी मोठ्यांच्या हातात द्या. पण कुणाच्या सणाची चेष्टा करण्यापूर्वी त्यालाच विचारा, "तुमच्याकडे या दिवशी काय करतात?" पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. या आठवड्यात एका रात्री टीव्ही बंद ठेवा आणि घरातल्या, आता नसलेल्या एका माणसाची गोष्ट मुलांना सांगा.

तुम्ही कुणाची गोष्ट ऐकलीत, ते मला पत्राने कळवाल ना?

तुमच्या बाई