चिनी कला कोणी नापीक केली?

चीनमधील चित्रपटाविषयी भांडवलदारी समीक्षकांनी एक सोयीस्कर इतिहास रचून ठेवला आहे. त्या इतिहासात १९४९ पूर्वी सांगण्यासारखे फारसे काही नाही, १९४९ ते १९७६ पर्यंत नुसता ‘प्रचार’ आहे आणि १९८४ साली ‘पिवळी माती’ हा चित्रपट पडद्यावर येताच एकाएकी उजाडले आहे. या मांडणीचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. कलेने कष्टकऱ्यांच्या लढ्याशी नाते जोडले की ती मरते, ते तोडले की पुन्हा जिवंत होते, असा तो निष्कर्ष. युरोपातील महोत्सवांच्या पत्रिकांतून तो निघतो, इंग्रजी दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांतून भारतात पोहोचतो आणि स्वतःस पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्याही तोंडी बसतो. त्याला उत्तर देऊ पाहणारी काही निष्ठावंत मंडळी मग दुसऱ्या टोकाला जातात आणि चिनी कलावंतांवर जे गुदरले ते सारे साम्राज्यवाद्यांचे कुभांड आहे, असे सांगून मोकळी होतात. ती नाटके व ते चित्रपट प्रत्यक्ष पाहण्याचे कष्ट मात्र दोन्ही पक्षांना नको असतात.

प्रारंभ शांघायपासून करावयास हवा. १९३० साली तेथे डाव्या लेखकांचा संघ स्थापन झाला आणि दोनतीन वर्षांतच कम्युनिस्ट लेखक चित्रपट कंपन्यांच्या पटकथा विभागांत शिरले. माओ तुन यांच्या कथेवरून शिया यान यांनी ‘वसंतातील रेशीमकिडे’ (१९३३) या चित्रपटाची पटकथा लिहिली. त्यात मिशा पिळणारा खलनायक नाही. एक शेतकरी कुटुंब अर्धपोटी राहून रेशीमकिडे जगविते, पीक भरघोस येते, भाव कोसळतो आणि त्या भरघोस पिकानेच कुटुंब कर्जात बुडते. जागतिक मंदीचे अर्थशास्त्र इतक्या साधेपणाने सांगणे अनेक विद्वानांनाही जमलेले नाही! पुढच्याच वर्षी साय चूशंग यांचा ‘कोळ्यांचे गाणे’ शांघायमध्ये ८४ दिवस चालला आणि १९३५ साली मॉस्कोच्या महोत्सवात गौरविला गेला. त्याच १९३४ साली ‘देवी’ या मूकपटात रुआन लिंगयू यांनी मुलाच्या शिक्षणासाठी देहविक्रय करणाऱ्या आईची भूमिका केली. हे सारे घडत होते ते कुओमिंतांगच्या सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून. नोव्हेंबर १९३३ मध्ये फॅसिस्ट गुंडांनी यीह्वा या कंपनीचा स्टुडिओ फोडला, तो याच चित्रपटांच्या धास्तीने. निरुपद्रवी कलेचे स्टुडिओ कोणी फोडीत नाही. ‘प्रचारा’ने कला मरते म्हणणाऱ्यांनी या चित्रपटांचे काय करावयाचे ते सांगावे. ते सांगत नाहीत. या चित्रपटांना ‘मानवतावादी’ असे नाव देऊन ते कम्युनिस्टांच्या खात्यातून हळूच काढून घेतात.

परंतु खरा वाद येनानविषयी आहे. मे १९४२ मध्ये माओ त्से-तुंग यांनी तेथे कलावंतांसमोर दोन भाषणे केली. कला कोणासाठी, हा त्यांचा मूळ प्रश्न होता आणि कामगार, शेतकरी व सैनिक यांच्यासाठी, हे त्याचे उत्तर होते. लेखकाने शिकविण्यापूर्वी जनतेकडून शिकावे, ही त्यातील मागणी आजही खोडून काढता येत नाही. याच भाषणांना पुढील सर्व पापांचे मूळ मानण्याची प्रथा आहे. तेव्हा त्या भूमीत प्रत्यक्ष काय उगवले हे एका कलाकृतीवरून तपासून पाहणे उचित ठरेल.

ती कलाकृती म्हणजे ‘पांढऱ्या केसांची मुलगी’. उत्तर चीनमधील मुक्त प्रदेशात एक दंतकथा पसरली होती. गावच्या देवळातील नैवेद्य रात्री नाहीसा होतो, पांढऱ्या केसांची एक देवी तो नेते, अशी ती कथा. येनानच्या लू शुन कला अकादमीतील लेखक व संगीतकारांनी या कथेतून संगीतनाट्य उभे केले. संहिता ह जिंगजी व तिंग यी यांची, संगीत मा क व इतरांचे. त्यात देवी ही देवी नसून जमीनदाराच्या तावडीतून पळालेली शेतकऱ्याची मुलगी आहे. बाप यांग बायलाव याने कर्जापोटी मुलगी लिहून दिली आणि त्या शरमेने मिठाचे खारे पाणी पिऊन जीव दिला. जमीनदार ह्वांग शिरेन याने तिच्यावर बलात्कार केला. ती डोंगरात पळाली, तिला मूल झाले, उन्हाअन्नावाचून तिचे केस पांढरे झाले. आठव्या मार्ग सेनेचे लोक येतात तेव्हा ती गुहेतून बाहेर येते. जुन्या समाजाने माणसाचे भूत केले, नव्या समाजाने भुताचे पुन्हा माणूस केले, असे त्याचे सूत्र आहे.

एप्रिल १९४५ मध्ये पक्षाच्या सातव्या काँग्रेसच्या प्रतिनिधींसमोर प्रयोग झाला. मूळ प्रतीत ह्वांगला अखेरीस मृत्युदंड नव्हता. संयुक्त आघाडीच्या धोरणाचा विचार करून लेखकांनी हात आखडता घेतला होता. केंद्रीय नेत्यांनी कळविले की हे चुकले. पण त्यांच्या जोडीने आणखी एकाने तेच सांगितल्याची आठवण नाट्यमंडळी पुढे अनेक वर्षे सांगत राहिली. अकादमीच्या भटारखान्यात भाजी चिरणारा स्वयंपाकी म्हणाला, नाटक चांगले आहे, पण त्या हरामखोराला गोळी न घालणे हा अन्याय आहे. शेवट बदलला. पोटात मूल असताना जमीनदार आपल्याशी लग्न करील अशी आशा शीअरला वाटते, असे दृश्यही आरंभी होते. त्यावर प्रेक्षकांतून टीका झाली आणि तेही गेले. पुढे गावोगावच्या प्रयोगांत ह्वांगचे काम करणाऱ्या चेन छ्यांग यांच्यावर फळे फेकली जात. एकदा एका सैनिकाने त्यांच्यावर बंदूक रोखली आणि तेव्हापासून बंदुका रिकाम्या करूनच सैनिकांना प्रयोगास बसवीत, असे सांगतात.

यास कोणी हवे तर प्रचार म्हणावे. परंतु स्वयंपाक्याच्या सांगण्यावरून शेवट बदलण्याची नामुष्की कोणत्या थोर कलावंताने पत्करली आहे? येथे लेखक दुरुस्त होतो आहे, आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो त्यांच्या हातून दुरुस्त होतो आहे. येनानची खरी देणगी ही.

आता हीच कथा वीस वर्षांनी पाहावी. १९५० च्या चित्रपटात तिचा गाभा शाबूत होता. १९६५ साली शांघायच्या नृत्यशाळेने तिचे पूर्ण लांबीचे बॅले केले आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चियांग चिंग यांच्या देखरेखीखाली ते आठ ‘आदर्श कलाकृतीं’पैकी एक ठरले. या बॅलेत यांग बायलाव आत्महत्या करीत नाही, तो खांद्यावरील कावड उगारून लढतो आणि मारला जातो. शीअरवर बलात्कार होत नाही. तिला मूल होत नाही. ती पहिल्या प्रवेशापासून मूठ आवळूनच उभी आहे. नृत्याचे कसब वादातीत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नाहीसे काय झाले? कर्जाखाली वाकलेला, भ्यालेला, स्वतःच्या मुलीचा गुन्हेगार झालेला शेतकरी नाहीसा झाला. लाज, गर्भ आणि भूक सोसून जगलेली बाई नाहीशी झाली. खेड्यातील ज्या बायका येनानच्या प्रयोगास ढसाढसा रडल्या त्यांची हकीकतच ‘आदर्शा’तून वगळली गेली. ही दुरुस्ती कोणत्या स्वयंपाक्याने सुचविली होती? जनतेला वीर म्हणून गौरवावयाचे आणि तिची खरी कहाणी तिला सांगू द्यावयाची नाही, ही वर्गदृष्टी म्हणता येणार नाही. ती नोकरशाहीची दृष्टी आहे.

येनानचे सोवळे करण्याचेही प्रयोजन नाही. १९४२ मध्येच वांग शिवेई या लेखकाने नेत्यांच्या सवलतींवर टीका केली म्हणून तो शत्रू ठरविला गेला, १९४७ साली त्याला देहान्त दिला गेला आणि निर्दोषत्वाचा निर्णय येण्यास १९९१ साल उजाडले. दोन्ही बीजे एकाच जमिनीत होती. मे १९५१ मध्ये ‘वू शुन यांचे जीवन’ या चित्रपटाविरुद्ध ‘पीपल्स डेली’त माओंनी लिहिलेले संपादकीय आले, तेव्हा दुसरे बीज जोमाने वर आले. भीक मागून शाळा काढणाऱ्या माणसाचे उदात्तीकरण करावे की नाही, हा वादाचा विषय जरूर होता. तो वाद प्रेक्षकांत व्हावयास हवा होता. झाली ती मोहीम, आणि तिच्यानंतर कोणत्या पटकथेला हात लावावा याची दिग्दर्शकांना धास्ती पडली. १९५७ साली तिंग लिंग यांच्यासारख्या लेखिकेची पक्षातून हकालपट्टी झाली. १९६६ च्या ऑगस्टमध्ये लाव श यांना मारहाण झाली व दुसऱ्या दिवशी त्यांनी तळ्यात देह टाकला. १९६७ ते १९६९ या तीन वर्षांत चीनमध्ये एकही कथापट निघाला नाही. शिया यान आठ वर्षांहून अधिक काळ कैदेत होते. ज्यांच्या चित्रपटगीताला १९४९ साली राष्ट्रगीत होण्याचा मान मिळाला ते तिआन हान १९६८ साली कैदेतच वारले, आणि त्या वर्षांत राष्ट्रगीताची धून वाजे, शब्द मात्र गाता येत नसत.

हे सारे ‘चौकडी’च्या माथी मारून हात झटकणे फार सोपे होते व तसे ते झाले. चार माणसांच्या दुष्टपणाने दहा वर्षांचा इतिहास समजावून देणे यात मार्क्सवादाचा लवलेश नाही. १९५१ आणि १९५७ मध्ये चौकडी कोठे होती? वू शुनची भूमिका करणारे नट चाव तान हे पक्षाचे सभासद होते. सांस्कृतिक क्रांतीत त्यांनी पाच वर्षे तुरुंगात काढली. ऑक्टोबर १९८० मध्ये, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, त्यांचा लेख ‘पीपल्स डेली’त आला. पक्षाने कलेची बारीकसारीक व्यवस्था पाहणे थांबविले नाही तर कलेला आशा नाही, असा त्याचा आशय होता. तो लेख म्हणजे शत्रूने केलेला हल्ला नव्हता. आयुष्य पक्षाला दिलेल्या माणसाने, आता आपल्याला भिण्याचे कारण उरले नाही असे जाणून, केलेले ते निवेदन होते. पुढच्याच वर्षी पाय हुआ यांच्या पटकथेवर सैन्याच्या दैनिकातून टीकेची झोड उठली, यावरून ते कितपत ऐकले गेले हे दिसते.

या पार्श्वभूमीवर चेन कायगे यांच्या ‘पिवळी माती’कडे पाहावे. महोत्सवी समीक्षकांना त्यात कम्युनिझमवरील आरोपपत्र दिसते. चित्रपटात काय आहे? १९३९ साली आठव्या मार्ग सेनेचा एक सैनिक लोकगीते गोळा करण्यास उत्तर शेन्सीतील खेड्यात येतो. बालवयात लग्न ठरलेली छुईछ्याव त्याच्याकडे आशेने पाहते, आपल्याला येनानला न्या म्हणते. परवानगी घेऊन येतो, असे सांगून तो जातो. त्याला उशीर होतो. ती रात्री एकटीच पीत नदीत होडी लोटते आणि गाणे मध्येच थांबते. अखेरीस सारे गाव पावसासाठी नागराजाला साकडे घालीत असता सैनिक क्षितिजावर दिसतो आणि त्या लोंढ्याविरुद्ध धावत त्याच्याकडे येतो तो एकटा तिचा लहान भाऊ. या चित्रपटाची तक्रार अशी आहे की क्रांतीने दिलेला शब्द त्या मुलीपर्यंत वेळेवर पोहोचला नाही. येनानचा प्रश्न गंभीरपणे घेणाऱ्यालाच अशी तक्रार सुचते. त्या प्रश्नाशी ज्यांना कर्तव्य नाही त्यांना झांग यीमौ यांच्या छायाचित्रणातील डोंगरच तेवढे दिसले.

मग बाजार आला. बाजार आला की कलावंत मुक्त होतो, हे भांडवलदारी समीक्षेचे दुसरे पालुपद. ज्या झांगके यांच्या ‘फलाट’ (२०००) या चित्रपटात शान्सीतील फनयांग गावचे सरकारी कलापथक आहे. १९७९ च्या सुमारास ते माओंची स्तुतिगीते गाते, पुढे पथक ठेक्याने दिले जाते आणि तीच मुले ट्रकवर विजेचे दिवे लावून रॉक संगीत वाजवीत फिरतात. पाहावयास लोक कमी येतात, पगार नाहीत, तारुण्य निघून जाते. या मुलांना पूर्वी कोणी विचारले नव्हते, आणि बाजारानेही विचारले नाही. तो चित्रपट देशातील चित्रगृहांत त्या वेळी लागू शकला नाही. १९९० नंतरच्या दशकात सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार घरी बसविले गेले. शनयांगमधील तिएशी या प्रचंड कारखानी वस्तीचा अंत वांग बिंग यांनी १९९९ पासून लहानशा डिजिटल कॅमेऱ्याने, कारखान्यांत कामगारांसोबत राहून टिपला. थंड पडत चाललेल्या भट्ट्या, न्हाणीघरात पगाराविषयी बोलणारी माणसे, पाडली जाणारी घरे असा नऊ तासांहून मोठा तो माहितीपट २००३ साली पूर्ण झाला. कामगारवर्गाच्या राज्यात कामगारवर्गाचा हा महाग्रंथ चित्रगृहांत लागत नाही. लागतो तो २०१७ चा ‘लांडगा योद्धा २’, साडेपाचशे कोटी युआनांहून अधिक गल्ला जमविणारा. त्यात एकटा वीर आफ्रिकेत जाऊन शत्रूंना लोळवितो. तो पाहताना हॉलिवुडची आठवण न होणे कठीण. सेन्सॉर आणि तिकीटखिडकी यांची अशी गट्टी जमते तेव्हा १९३३ चा रेशीमकिड्यांचा शेतकरी दोघांनाही नकोसा होतो. २०१४ साली पेकिंगमधील स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव अधिकाऱ्यांनी बंद पाडला.

तरीही स्वयंपाक्याचे वारस आहेत. मे २००२ मध्ये पेकिंगमधील काही स्थलांतरित कामगारांनी स्वतःचे कलापथक काढले. बांधकामावरच्या मजुरांपुढे ते गात. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातून पिछुन या शहराबाहेरच्या वस्तीत त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली. १ मे २००८ रोजी तेथेच कामगार संस्कृतीचे संग्रहालय उघडले. तात्पुरत्या वास्तव्याचे परवाने, पगाराच्या चिठ्ठ्या, गावी लिहिलेली पत्रे अशा वस्तू कामगारांनी स्वतः आणून दिल्या होत्या. याच वस्तीतील साहित्यमंडळात घरकाम करणाऱ्या फान यूसू या बाईने २०१७ साली आपल्या आयुष्याविषयी लिहिले आणि ते देशभर वाचले गेले. २०१४ साली शनझनमध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी आत्महत्या केलेल्या शू लीजी या फॉक्सकॉन कामगाराच्या कविता आज अनेक भाषांत आहेत. त्यांना कोणत्याही अकादमीने शिकविले नव्हते. पिछुनच्या संग्रहालयाला स्थलांतरितांच्या वस्तीतील भाड्याची जागाच परवडत होती. ती वस्ती शहराच्या विस्तारात सापडली आणि २०२३ साली संग्रहालयाला टाळे लागले.