एकदां जोडलेली वाट

मुंबईची आगबोट वेंगुर्ल्यास लागे त्या काळीं शिरोड्याहून मुंबईस निघणारा माणूस केवळ स्वतःच्या कामासाठीं क्वचितच निघे. एकाचें औषध, दुसऱ्याचें पुस्तक, तिसऱ्याच्या लेकीस निरोप, अशीं साऱ्या वाडीचीं कामें एकाच खेपेंत उरकत. प्रत्येक कामास वेगळें तिकीट काढावें असें कोणी सुचविलें असतें, तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं त्याच्या अकलेची कींवच केली असती! परंतु संगणकाच्या जगांत आरंभीं नेमका हाच व्यवहार चालला होता.

आज शिरोड्यांत बसून एखाद्या मुलीनें लिहिलेला प्रोग्राम दूरदेशींच्या सर्व्हरकडून माहिती मागवितो. या मागणीच्या भाषेस एचटीटीपी म्हणतात. पण मागणीपूर्वीं दोन्ही यंत्रांची ओळख व्हावी लागते. टीसीपीच्या जोडणीस एक फेरी, आणि संभाषण गुप्त राहावें म्हणून टीएलएसच्या जुन्या पद्धतींत आणखी दोन. २०१८ सालच्या नव्या पद्धतींत एक. शिरोडा ते मुंबई हें अंतर सोडूनच द्या. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेंत सुमारें साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. म्हणजे जाऊन-येऊन एक फेरी १२५ मिलिसेकंदांच्या आंत होणें नाहीं. जुन्या पद्धतींत तीन फेऱ्या नमस्कार-चमत्कारांतच जातात, चौथींत प्रश्नोत्तर. अर्ध्या सेकंदाची काय मातब्बरी, असें वाचकांस वाटेल. पण एकामागून एक शंभर प्रश्न विचारावयाचे असले, तर हे पन्नास सेकंद कोठें आणि जोडणी न तोडतां लागणारे तेरा सेकंद कोठें!

हा अपव्यय व्यंकट पद्मनाभन व जेफ्री मोगल यांनीं १९९४ सालीं दाखवून दिला. जानेवारी १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांत जोडणी उघडी ठेवणें हीच सामान्य रीत ठरली. मात्र एक पथ्य आहे: आलेलें उत्तर शेवटपर्यंत वाचून घेतल्यावांचून ती जोडणी पुढच्या प्रश्नास वापरतां येत नाहीं.

खरी अडचण पुढेंच आहे. सर्व्हर कोणाची अखंड वाट पाहत नाहीं. अपॅची नांवाचा सर्व्हर मूळच्या मांडणीप्रमाणें पांच सेकंद थांबून जोडणी मिटवितो, आणि त्याच क्षणीं आपला प्रोग्राम नवा प्रश्न धाडीत असूं शकतो. उत्तर येत नाहीं. आतां काय करावें? पुन्हां विचारावें, असें कोणीही म्हणेल. ‘नारळाचा भाव काय?’ हें दहादां विचारलें तरी बिघडत नाहीं. पण निरोप ‘नातवाच्या फीचे पैसे भरा’ असा असेल तर? पैसे भरले जाऊन केवळ उत्तर वाटेंत हरवलें असेल, तर दुसऱ्या निरोपानें ते दुसऱ्यांदा कापले जातील. महिन्याचा खर्च मोजून चालविणाऱ्या घरास हा फरक थोडा नव्हे.

म्हणून जाणते लोक दोन तजविजी करतात. सर्व्हरची मुदत संपण्याआधींच रिकामी जोडणी आपण होऊन सोडून द्यावयाची. आणि पैशाच्या प्रत्येक हुकुमास वेगळा क्रमांक घालावयाचा. तोच क्रमांक पुन्हां आला तर सर्व्हर पैसे कापीत नाहीं, पहिलेंच उत्तर परत सांगतो. अर्थात् ही सोय सर्व्हरच्या बाजूसही केलेली असावी लागते. ती नसेल तेथें प्रोग्रामानें हुकूम आपण होऊन पुन्हां धाडूं नये. आधीं खात्यावर काय झालें तें विचारावें.