ज्यांना तारीख सांगता येत नाही

दिवाळीची सुरुवात आपल्याकडे गाईच्या पायांवर पाणी घालून होते. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करायची, तिला नैवेद्य दाखवायचा, आणि मग पुढचे सगळे: पणत्या, उटणे, फराळ, पाडवा. दिवाळीचे आपले जुने बालगीतसुद्धा गाई-म्हशींना ओवाळूनच सुरू होते. बैलांसाठी आपण पोळा ठेवला, नागासाठी पंचमी ठेवली. मुक्या जनावरांची इतकी आठवण पंचांगात नोंदवून ठेवणारा समाज विरळा. आणि गंमत अशी, की वसुबारसेला जिच्या कपाळी कुंकू लावले तीच गाय दोन दिवसांनी, नरकचतुर्दशीच्या पहाटे, पहिल्या सुतळी बॉम्बबरोबर दावे तोडायला बघते. पूजा आपण तिची केली, पण आपल्या आनंदाचा कार्यक्रम ठरवताना तिला विचारात घेतले नाही.

आधीच एक खुलासा करून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. अंगणात फुलबाजी धरून उभ्या राहिलेल्या पोराशी माझे काही भांडण नाही. भुईनळा आणि भुईचक्र मलाही आवडते. माझा मुद्दा सार्वजनिक आतषबाजीचा आहे. मैदानावर, नदीकाठी, तलावाच्या कडेला हजारो लोकांसमोर अर्धा-पाऊण तास चालणारा जो दणदणाट असतो, त्याचा. आणि तो केवळ दिवाळीचा उरलेला नाही. एकतीस डिसेंबरची मध्यरात्र, क्रिकेटचा विजय, निवडून आलेल्या उमेदवाराची मिरवणूक, लॉनवरचे लग्न, गावची यात्रा, अशी बारमाही सोय आपण करून घेतली आहे. तेव्हा 'आमच्याच सणांवर का बोलता?' हा प्रश्न कृपया कोणी विचारू नये. या बाबतीत सगळे धर्म आणि सगळे पक्ष सारखेच उत्साही आहेत.

शोभेच्या दारूची हौस जुनी आहे, हेही मान्य. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावर 1953 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक मजकूर येतो. कोट्याच्या दिवाळीतल्या आतषबाजीचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले, आणि त्या हौशी पेशव्याने पर्वतीच्या पायथ्याशी तसेच दारूकाम करवून पाहिले. परंपरेचा दाखला हवा असेल त्यांनी तो जरूर वापरावा. फक्त एवढे ध्यानात घ्यावे, की तो राजाच्या इच्छेने झालेला अपूर्वाईचा सोहळा होता. आज प्रत्येक गल्लीत एक पेशवा आहे आणि पर्वतीभोवती शहर आहे.

आता कानांचा हिशेब पाहू. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत, मांजराला त्याहूनही वरचा. आपल्याकडे 1999 च्या नियमाने फटाक्याच्या आवाजाला मर्यादा घातली, ती अशी : फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबल. डेसिबलची मोजणी बँकेतल्या सरळव्याजासारखी नसते, ती चक्रवाढीच्या जातीची. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा दोन माणसांच्या साध्या बोलण्याच्या लाखपटीहून तीव्र. त्यात आपल्याला वात पेटताना दिसते, आपण कानांत बोटे घालतो. कुत्र्याला ती सोय नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बाराशेहून अधिक पाळीव कुत्र्यांच्या मालकांना विचारणा झाली; निम्म्याहून अधिक कुत्रे आतषबाजीला कमीअधिक प्रमाणात घाबरतात असे त्यातून दिसले. ही घरातली, सोफ्याखाली शिरायची सोय असलेली कुत्री. रस्त्यावरच्यांनी कुठे शिरावे? ती धावत सुटतात, हद्द ओलांडून परक्या गल्लीत जातात, तिथल्या कुत्र्यांकडून फाडली जातात किंवा गाडीखाली येतात. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, 'तो काळ्या हल्ली दिसत नाही.'

पाखरांची गोष्ट तर आपल्या दृष्टीआडच घडते. नेदरलँडमध्ये नववर्षाच्या रात्री मोठी आतषबाजी होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी हवामानखात्याच्या रडारवर त्या रात्रीचे आकाश तपासले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार बाराच्या ठोक्यानंतर लगेच हजारो पक्षी अंधारात उठतात, पाचशे मीटर उंचीवर त्यांची सर्वाधिक दाटी होते आणि ही धांदल किमान पाऊण तास चालते. त्याच मार्गाने पुढे झालेल्या 2023 च्या अभ्यासात हा परिणाम दहा किलोमीटरपर्यंत जाणवल्याचे आढळले. ऑस्ट्रियातल्या वीस रानहंसांच्या शरीरात नाडी मोजणारी यंत्रे बसवलेली होती. नववर्षाच्या पहिल्या तासात त्यांच्या हृदयाचे ठोके जवळजवळ दुप्पट झाले, आणि नाडी ताळ्यावर यायला पहाट उजाडली. अमेरिकेत अर्कान्सासमधल्या बीबी या गावी 2010 सालच्या शेवटच्या रात्री काही हजार पक्षी रस्त्यांवर आणि छपरांवर मरून पडले. दारूकामाने विसाव्याच्या झाडांवरून उठलेला तो थवा अंधारात खालून उडत घरांवर आदळला होता. रोममध्ये 2021 च्या पहिल्या सकाळी मुख्य रेल्वेस्थानकाजवळ मैनेच्या जातीचे शेकडो पक्षी असेच पडलेले सापडले.

हे सगळे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे रडार लावून कोणी मोजले नसेल, पण मोजमापाची आणखीही एक जागा असते. मी ज्या काळात बँकेत होतो, त्यातली काही वर्षे एका तालुक्याच्या गावी शेतीकर्जाच्या टेबलावर गेली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात आम्ही म्हशी देत असू. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला, फायलीत तिची किंमत, रोजच्या दुधाचा अंदाज, हप्ता किती बसेल त्याचा तक्ता. सारे कसे चोख. एक कर्जदार दरवर्षी यात्रेनंतरच्या आठवड्यात येऊन उभा राहायचा. म्हणायचा, "साहेब, औटांच्या रात्रीनंतर म्हस पान्हा चोरती. दोन-तीन दिवस डेअरीत माप निम्मं भरतं. तुमच्या कागदात ह्याला कुठं जागा हाय का?" नव्हती. जनावर मेले तर विमा होता. मात्र बिल्ला हवा. जनावर भ्याले तर रकाना नव्हता. त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. भीतीने शरीरात जो स्राव होतो तो पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाला अडवतो, हे पशुवैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. यात्रेच्या वर्गणीची पावती त्याच्याकडे होती. त्याच दारूकामाने बुडवलेल्या दुधाची पावती कोणाकडे मागायची, एवढेच त्याला कळत नव्हते. सार्वजनिक आनंदाचा खर्च असा कोणाच्या तरी खासगी खात्यावर पडत असतो.

हत्तीच्या बाबतीत तो खर्च माणसाच्या जिवापर्यंत जातो. केरळात कोयिलांडीजवळच्या एका देवळाच्या उत्सवात फेब्रुवारी 2025 मध्ये फटाक्यांच्या आवाजाने हत्ती बिथरले आणि त्या गोंधळात तीन माणसे मेली. हत्तीला आपण सजवतो, त्याच्यावर देव बसवतो आणि शेजारी दारू उडवतो. वरातीच्या घोड्याचे दुःख लहान, पण जात तीच.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद केले. 2018 मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवली, माळांवर बंदी घातली आणि कमी धुराच्या 'हरित' फटाक्यांनाच परवानगी दिली. हे फटाके आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केले, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्यांचे हिरवेपण मुख्यतः धुराचे आहे. कानांच्या बाबतीत ते जुन्यांचे सख्खे भाऊच. इस्पितळे, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र असते. पाणथळीभोवती, वडाच्या विसाव्याभोवती ते कधी मागितले गेले नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा 1960 चा. कुत्र्याच्या शेपटीला लड बांधणारा त्यात सापडलाच, तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांत सगळ्या वस्तूंचे भाव वाढले; जनावराच्या वेदनेचा भाव तेवढा स्थिर आहे.

त्या 2018 च्या निकालात आणखी एक सूचना होती. घरोघरी फटाके उडवण्यापेक्षा ठरावीक जागी सामुदायिक आतषबाजी करावी, ही ती सूचना. वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या ती उलट आहे. पण विचार करता ती मला शहाणपणाची वाटते, मात्र जागा आणि वेळ नीट निवडली तर. एक जागा, एक वेळ, अर्धा तास. तर कुत्र्याला दाराआड घेता येते, गोठ्याला पडदा लावता येतो, घोडा आधीच दूर नेता येतो. दुर्दैवाने आपण जागा निवडतो ती तळ्याच्या काठाची, कारण पाण्यात प्रतिबिंब छान पडते. नेमकी तीच जागा थंडीत पाखरांनी निवडलेली असते.

शिवकाशीच्या कामगारांचे काय, असे विचारले जाते आणि ते विचारायलाच हवे. पण प्रकाशाची दारू बनवायलाही हातच लागतात. लोकांनी धमाका सोडून झगमगाट मागितला तर कारखाना तो बनवील. इटलीत पार्माजवळच्या कोलेक्कियो या गावाने 2015 पासून कमी आवाजाच्याच आतषबाजीचा नियम केला. त्यानेही पाखरांची झोप पूर्ण वाचते असे नाही, कारण त्यांना उजेडही उठवतो. पण गोठ्यातल्या जनावरांचा आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा ताप पुष्कळ कमी होतो. ज्याने एका पोराची मौज जाणार नाही असा हा बदल आहे. शोभेच्या दारूत मुळात शोभा हा शब्द आहेच. धमाका नंतर घुसला.

मागण्या माझ्या मोठ्या नाहीत. सार्वजनिक दारूकामाला परवानगी देताना जागेजवळ पाणथळ, पक्ष्यांची वसाहत किंवा गोठे आहेत का, हे अर्जातच विचारावे. मिरवणुकीत जनावर असेल तर तेथे फटाका नको. वेळ आठवडाभर आधी जाहीर व्हावी. आणि यात्रा कमिटीने औटांच्या वर्गणीतला काही भाग गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला द्यावा. हे सारे एका छापील फॉर्मात मावते. फॉर्म बनवण्यात उमर गेलेला माणूस सांगतो आहे, विश्वास ठेवा.

हे जमणार नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गाव. ज्या तमिळनाडूत शिवकाशी आहे, त्याच राज्यात शिवगंगा जिल्ह्यात कोल्लुकुडीपट्टी आहे. शेजारच्या वेट्टंगुडी अभयारण्यात, आपल्या दिवाळीच्या सुमारास, बगळे आणि करकोचे वीण घालायला येतात. त्या गावात कित्येक दशकांत फटाका वाजलेला नाही. दिवाळीत नाही, लग्नात नाही, देवळाच्या उत्सवातही नाही. यासाठी न्यायालयाने हुकूम काढलेला नाही. पिले दचकून घरट्यातून पडतात, एवढे कारण त्या लोकांना पुरले.

माणूस आणि पाखरू यांच्यात यापुरता फरक इतकाच, की आज कोणती तारीख आहे हे आपल्याला कळते. आकाश फुटले तरी हा उत्सव आहे, युद्ध नव्हे, हे आपण जाणतो. त्यांना ते सांगायची भाषा कोणाजवळ नाही. ज्याला सांगता येत नाही त्याच्या वाटची समज आपण दाखवायची असते. घरातल्या तान्ह्या मुलासाठी आपण ती दाखवतोच. येत्या वसुबारसेला गाईच्या पायांवर पाणी घालताना तिच्या कानांचाही थोडा विचार झाला, तर पूजा पुरी झाली असे म्हणता येईल.