पिसवेचा पुरावा : प्लेग, सिमों आणि वाया गेलेली सात वर्षे

१/ “त्यांनाही त्या काळी वेड्यात काढले होते.” साथ आली, लस आली, की हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून येतेच. त्यामागचा एक खरा इतिहास आपल्याच मुंबई इलाख्यात घडला. तो एकदा नीट पाहू.

२/ सप्टेंबर १८९६. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. शहर रिते होऊ लागले. चाकरमानी मिळेल त्या वाटेने कोकणात परतू लागला. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. मालवण, वेंगुर्ले ही रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरे होती. तपासणी व्हायची ती प्रवाशांच्या काखांची आणि जांघांची. मालाच्या गोणींतून फिरणाऱ्या उंदरांकडे तितके लक्ष कोणाचे?

३/ त्या काळी बहुसंख्य तज्ज्ञांना वाटे की हा रोग घाणीत, घराच्या जमिनीत, कपड्यालत्त्यांत दडतो. पुण्यातील घरझडत्या, फरशा उखडणे, सामान जाळणे यांमागे सत्तेचा उद्दामपणा होता, तसे हे शास्त्रही होते. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे आपण शाळेतच वाचतो. त्यामागचा वैद्यकीय समज मात्र कोणी शिकवत नाही.

४/ पॉल-लुई सिमों हे फ्रेंच लष्करी डॉक्टर. काही रुग्णांच्या अंगावरील बारीक फोड त्यांना पिसवेच्या चाव्यासारखे दिसले. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी काचेच्या बरणीत पिसवांसह आजारी उंदीर ठेवला आणि शेजारी, जाळीच्या पिंजऱ्यात, निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही.

५/ १८९८ मध्येच नेमलेल्या, फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने पिसवेचा हा सिद्धान्त जवळजवळ झटकून टाकला. आयोगाला मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. सिमोंचे प्रयोग मोजके होते आणि इतरांना ते पुन्हा जमत नव्हते. शंका घेणे रास्तच होते. माझ्या मते दोष पुढचा आहे : शंका घेऊन तपास वाढवायचा, तर आयोगाने दारच लावून घेतले. १९०४ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली.

६/ दार पुन्हा उघडले ते मुंबईत. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी उंदीर मेलेल्या घरांत गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि ते प्लेगने मेले. १९०५ पासून नव्या संशोधन आयोगाने परळला खास खोल्या बांधून हेच काटेकोरपणे तपासले. काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही पिसवेची उडी पोहोचणार नाही इतके उंच टांगले. हवा तीच, खोली तीच. खालचे प्राणी मेले, वरचे वाचले.

७/ सिमों एकटे होते म्हणून बरोबर ठरले नाहीत. त्याच काळी प्लेगवर रामबाण उपाय सांगणारे एकांडे शिलेदार पुष्कळ होते; त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. सिमोंचे म्हणणे खोटे ठरू शकेल अशा रीतीने मांडलेले होते. दुसऱ्याला पिंजरा टांगून पाहता येत होता, आणि विरोधकांच्याच सरकारी यंत्रणेने तो टांगला. “मलाही दडपले जाते आहे” म्हणणाऱ्याकडे असा पिंजरा आहे का, हे मी आधी पाहतो.

८/ आता आपल्या जिल्ह्यात या. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. पुढे बांदा परिसरातही रुग्ण आढळले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा रोग. प्लेगात आधी उंदीर मरत, इथे आधी माकडे मरतात; तिथे पिसू, इथे गोचीड. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी खाली पडतात आणि काजूच्या बागेत, रानात फिरणाऱ्या माणसाला चिकटतात. ‘माकडताप’ हे नाव मला म्हणूनच खटकते : त्यात दोष माकडाच्या माथी जातो आणि गोचीड नामानिराळी राहते. रानात मेलेले माकड दिसले, तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.