भाजीचे दिवस, फवारणीचे दिवस

किल्लारी म्हटलं की 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, शिवार मात्र होतं तिथंच राहिलं. त्या शिवारात पुढं जो बदल झाला त्याची तारीख कुणाला सांगता येणार नाही. ज्वारी, उडीद, मुगाच्या रानात सोयाबीन पसरलं आणि खुरप्याच्या जागी फवारणीचा पंप आला. या बदलाचा मार बसलेल्या रानफुलांपैकी एक म्हणजे कुर्डू.

मृगाचा पाऊस पडला की कुर्डू पिकाच्या सोबतीनं उगवते. पहिले काही आठवडे तिची पानं कोवळी असतात; भाजीचे दिवस हेच. श्रावणात ती उंच होते, पान निबर होतं. भाद्रपदात तुरे येतात, शेंड्याला गुलाबी आणि खाली चंदेरी पांढरे. पुढं त्या तुऱ्यांत काळं, चकचकीत, बारीक बी भरतं. बी सांडतं, झाड वाळतं आणि मातीतलं बी पुढच्या मृगाची वाट पाहतं.

सोयाबीनमध्ये तणनाशक पेरणीनंतर साधारण 15-20 दिवसांनी मारतात, कारण तण दोन-चार पानांवर असतानाच ते नीट मरतं. म्हणजे जे दिवस भाजीचे, तेच फवारणीचे.

यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कुर्डूचं बी हजारांनी पडतं, मजूर वेळेवर मिळत नाहीत, खुरपणी परवडत नाही. पण खुरपणीतही कुर्डू पिकातून निघतच होती. फरक इतकाच, की ती बाईच्या हातात येत होती. शेजारशेजारच्या पाती धरलेल्या बाया, कुणी मराठा, कुणी बौद्ध, कुणी मुसलमान, संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन घरी जायच्या. फवारणीनं त्यांची मजुरी गेली आणि फुकटची भाजीही गेली. नायजेरियात हीच कुर्डू लोक वाफ्यात पेरतात आणि बाजारात विकतात. आपण मात्र तिला तण म्हणून हिशेबातून काढून टाकलं.

म्हणून मागणं छोटं आहे. पिकात जे करायचं ते करा; बांधावर, गायरानात, कब्रस्तानात आणि मसणवट्यात तरी तणनाशक मारू नका. आणि ज्या रानात फवारलं असेल तिथली भाजी कुणी तोडू नये, हे शेजाऱ्यांना आणि मजुरांना त्याच दिवशी सांगा.