चैत्रातील सोंगे
साप्ताहिक सदर : नाट्यपंचक्रोशी / लेखक : 'प्रेक्षक'

होळीची राख निवून गव्हाची मळणी आटोपत आली, पूर्वेकडील मोहाडी-जानोरीच्या बागांतून द्राक्षांच्या शेवटच्या गाड्या भरून निघू लागल्या, की दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, ननाशीपासून पेठ-सुरगाण्याच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या कोकणा, महादेव कोळी आणि वारली वस्तीच्या गावांत, यंदाचा बोहाडा कोणत्या तिथीला धरावयाचा याची बोलणी देवळाच्या ओट्यावर सुरू होतात. नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यमंदिरात आणि कालिदास कलामंदिरात कोणते प्रयोग व्हावयाचे आहेत, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर कोणते संघ उतरावयाचे आहेत, याची आगाऊ वार्ता वाचकांपर्यंत पोहोचविणे हे या सदराचे नेहमीचे काम. आणि त्याच न्यायाने, चैत्र-वैशाखाच्या रात्री आपल्या तालुक्यात जी नाटके उभी राहणार आहेत त्यांचीही वर्दी याच ठिकाणी, याच इतमामाने दिली गेली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

नाटके हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मुखवटे चढवून देवादिकांची आणि दैत्यांची सोंगे रात्रभर नाचविण्याच्या या उत्सवाला कोठे बोहाडा, कोठे भोवाडा, तर कोठे आखाडी म्हणतात, आणि सरकारी अहवालांत व महोत्सवांच्या पत्रिकांत त्याची नोंद 'आदिवासी लोकनृत्य' या सदराखाली होते. नृत्य तर त्यात आहेच. परंतु आरंभी सूत्रधार येतो, मागून गणपती येतो, मग मोरासह शारदा येते, आणि हे मंगलाचरण झाल्यावर नरसिंह, रावण, भीमासुर, वेताळ, खंडेराव अशी एकेक सोंगे संबळ-पिपाणीच्या नादावर देवळापासून निघून दुतर्फा बसलेल्या गावकऱ्यांच्या मधल्या वाटेने नाचत येतात, आणि अखेरच्या रात्रीची पहाट होताना जगदंबा महिषासुराशी युद्ध मांडून त्याचा वध करते. या क्रमात पूर्वरंग आहे, पात्रप्रवेश आहे, संघर्ष आहे आणि त्याचा निर्णायक शेवटही आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगविले, तेव्हा त्यांच्या खेळांतही प्रथम सूत्रधार, मागून गणपती आणि नंतर मोरावर आरूढ होऊन नाचणारी सरस्वती हाच क्रम होता, आणि राक्षस गर्जना करीतच प्रवेश करीत. त्या खेळांना आपण मराठी रंगभूमीचा प्रारंभ मानतो आणि दर वर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. त्याच कुळीचा खेळ आपल्या शिवारात जिवंत असताना त्याला नाटकाच्या पंगतीला बसू न देणे हा सरळ अन्याय आहे.

हा खेळ जवळून पाहावयाचा असेल तर सोंग वाटेवर येण्यापूर्वी देवळामागच्या पडवीत जावे. ननाशीच्या बाजूच्या एका गावी नरसिंहाचे सोंग चढत असताना मला तेथे उभे राहता आले होते. सोंग घेणारा गृहस्थ दिवसा बागेत मजुरीला जाणारा, पन्नाशीचा, शांत स्वभावाचा. त्याच्या डोक्याला आधी जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट गुंडाळला गेला, हनुवटीखाली कापडाची घडी बसविली गेली, आणि मग कागदाच्या लगद्याचा, नुकताच रंग दिलेला तो भलामोठा मुखवटा दोघांनी मिळून वरून उतरविला. मागे सुतळीची गाठ मारणाऱ्या पुतण्याला त्याचा म्हातारा चुलता म्हणाला, "आवळ अजून, फेर घेताना तोंड फिरलं तर काकाला वाट दिसायची नाही." गाठ पक्की झाल्यावर त्याने कपाळावर तळवा टेकून मुखवटा मागेपुढे दाबून पाहिला, कुंकू लावले, नारळ फोडला, आणि त्या क्षणापासून त्या माणसाला कोणी नावाने हाक मारीना. मुखवट्याच्या बारीक भोकांतून पायाखालचे काहीच दिसत नाही, म्हणून दोन तरुण दोन्ही बाजूंनी टेंभे घेऊन त्याच्याबरोबर चालू लागले. संबळवाल्याने ठेका बदलला. कारण प्रत्येक सोंगाची चाल निराळी, आणि गणपतीच्या चालीवर नरसिंह नाचत नाही. हे ज्ञान कोठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. सोंगाचा मान काही गावांत घराण्यात वंशपरंपरेने वतनासारखा चालतो, काही गावांत त्याची बोली होते. परंतु मान कोणत्याही वहिवाटीने आलेला असो, पाठीमागची तालीम त्या त्या घरातच, थोरल्यांच्या नजरेखाली होते.

अशा खेळातून एक सोंग उचलून शहरातील महोत्सवाच्या मंचावर वीस मिनिटे नाचविणे, ही जी रीत अलीकडे रूढ झाली आहे तिला माझी स्पष्ट हरकत आहे. वारीतून एकटा वीणेकरी काढून सभागृहात उभा करावा तसे ते होते. कलाकारांना त्यातून बिदागी मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. पण अंधारात बसलेले गाव, झोपेने पेंगणारी आणि महिषासुर येताच दचकून उठणारी मुले, आपल्या घरचे सोंग आले म्हणून पुढे सरसावणाऱ्या बायका, यांवाचून जगदंबेच्या विजयाला अर्थ उरत नाही. विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांकडे पाहा : वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीनंतर गावोगाव फिरून रात्रभराचे प्रयोग करतात, प्रेक्षक त्यांच्याकडे चालत येतो, आणि २०२३ साली त्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती तिच्याच मातीत काम केल्याबद्दल. आपला प्रेक्षकही तसाच बोहाड्याकडे गेला पाहिजे.

विशेषतः नाशिकच्या हौशी रंगकर्मींनी गेले पाहिजे. दत्ता पाटील यांचे 'हंडाभर चांदण्या' हे नाटक पाण्याच्या टंचाईने गांजलेल्या गावाची कथा घेऊन उभे राहिले, आणि येथील माणसे व येथील बोली रंगमंचावर किती सामर्थ्याने बोलू शकतात हे त्याने दाखवून दिले. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव एवढी धरणे पोटात असूनही उन्हाळ्यात ज्या तालुक्याच्या डोंगराळ पाड्यांवर पाण्यासाठी वणवण होते, त्या तालुक्यात नाटकाला विषयांची वाण नाही. वाण आहे ती शहरातील तालमीच्या खोलीला गावातल्या रात्रीशी जोडणाऱ्या वाटेची. आणि पंचवीसेक किलोमीटरचा दिंडोरी रस्ता ओलांडून ननाशीकडे वळले तर ती वाट सापडण्यासारखी आहे.

आता कायद्याची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमावलीप्रमाणे रात्री १० नंतर उघड्या जागी ध्वनिवर्धकच नव्हे, तर वाद्यही वाजविण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत सवलत देता येते, पण तीही रात्री १२ पर्यंतचीच. बोहाड्यात १२ वाजता पुष्कळदा गणपती नुकताच आलेला असतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ही नाट्यपरंपरा आज केवळ स्थानिक अंमलदारांच्या समजूतदारपणावर उभी आहे. हा नियम मूलतः हितकारक आहे, आणि आजारी माणसांना व परीक्षेच्या पोरांना त्याचा आधार वाटतो हे मी मानतो. म्हणूनच गावकऱ्यांना माझी विनंती आहे की, भाड्याने आणलेल्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांना बोहाड्यात मुळीच थारा देऊ नये. संबळ आणि पिपाणी यांना त्यांची गरज कधीच नव्हती, आणि तक्रार होते ती बहुधा त्यांच्यामुळेच. जिल्हा कचेरीने आपल्या बाजूने सवलतीचे दिवस ठरविताना गणेशोत्सव-नवरात्राबरोबर चैत्र-वैशाखातील बोहाड्यांचाही विचार करावा, आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या, ध्वनिवर्धकाविना होणाऱ्या पारंपरिक खेळांसाठी नियमातच तरतूद व्हावी अशी शिफारस सरकारकडे पाठवावी. ग्रामसभांनी तसे ठराव आताच, तिथी ठरवितानाच, करून तहसील कचेरीत दाखल केले तर त्या शिफारशीला आधार मिळेल.

ज्या वाचकांना जावयाचे असेल त्यांनी पेठ रस्त्याकडील किंवा ननाशीकडील ओळखीच्या माणसाकडे तिथीची चौकशी करावी, कारण छापील जाहिरात सहसा निघत नाही. शक्यतो शेवटच्या रात्रीच जावे, अंगावर घेण्यास काही न्यावे, सोंगाच्या तोंडावर दिव्याचा झोत टाकून छायाचित्रे घेऊ नयेत, देवळापुढच्या ताटात यथाशक्ति दक्षिणा ठेवावी, आणि महिषासुर पडेपर्यंत उठू नये.