मोरीतली जीवदया



मागच्या श्रावणात आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. वय सत्त्याऐंशी. नळाखालच्या कोपऱ्यात पाणी साचून शेवाळ धरलं होतं. ते मी रोज घासत होते, पण पाणी तिथेच का साचतं, हे कधी बघितलं नाही. चूक माझी.

लोट्यातलं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात. त्यात फरश्यांच्या सांध्यांतलं सिमेंट गेलेलं, म्हणजे झुरळांना आणि मुंग्यांना आयतं घर. आणि आपण काय करतो? चातुर्मास आला की पालेभाजी सोडतो, पाणी गाळून पितो आणि त्याच घराच्या मोरीत फवारा मारतो, ॲसिड ओततो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

गवंडी आला. म्हणाला, सगळं फोडावं लागेल, ३८ हजार होतील. मग येतो येतो म्हणत त्याने फाल्गुन घालवला. शेवटी वैशाखात मीच पदर खोचला. हे हसले. “अगं, तू बी.कॉम., गवंडी कधी झालीस?”

बी.कॉम.चा उपयोग आधी झाला. गळक्या नळाखाली रात्री दहाला बादली ठेवली, सकाळी सहाला मोजली. पाच लिटर! दिवसाला पंधरा, वर्षाला ५,४७५ लिटर. पाण्याच्या थेंबाला अपकाय जीव मानणारे आपण! वरचा कॉक बंद केला, नळ उघडला आणि झिजलेला वायसर बदलला. वायसरचे फार तर दहा रुपये.

मग सांधे. परशुराम घाट उतरून चिपळूणला सामान आणायला गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, “ॲसिड वापरता का?” ॲसिड डागाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं. म्हणजे ज्या फटींत झुरळं राहत होती, त्या माझ्याच स्वच्छतेने पडल्या होत्या! यांचा जन्म इथल्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत गेला. त्यांनी आणखी एक बजावलं, तेही लक्षात ठेवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जुने सांधे खरवडले, धुतले, ग्राउट भरलं, ओल्या स्पंजने पुसलं. चार दुपारी गेल्या, गुडघे महिनाभर बोलत होते. नाहणी ट्रॅप साफ केला. त्यात साठून राहणारं पाणी वास आणि झुरळं दोन्ही अडवतं. म्हणून वापरात नसलेल्या न्हाणीघरातही आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावं.

फजिती कोपऱ्यात झाली. तिथल्या दोन फरश्या काढून मी नव्याने बसवल्या, अगदी लेव्हलमध्ये. फार अभिमान वाटला. पाणी ओतलं तर ते जागचं हललंच नाही! न्हाणीघराची फरशी सपाट चालत नाही. पाच फुटांना इंचभर तरी उतार हवा. दुसऱ्या गवंड्याला अर्धा दिवस बोलावून ते काम करून घेतलं. त्याच्या मजुरीसकट सगळा खर्च ३,१२० रुपये.

म्हणून माझं मत असं की, सगळं स्वतः करण्याचा हट्ट नको. गीझरची वायर, भिंतीतला पाइप आणि उतार जाणत्याकडेच द्यावा. पण वायसर, सांधे, ट्रॅप ही कामं आपल्याला जमतात आणि ती आपणच करावीत, कारण मोरीतला ओलावा रोज दिसतो तो आपल्यालाच.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपण स्वाध्यायात ऐकतो. घर म्हटलं की धुणं-सारवणं आलंच. पण झुरळ दिसल्यावर फवारा उचलणं ही संकल्पी हिंसा आहे आणि ती तर गृहस्थानेही सोडायची असते. आधी घाण आणि ओल राहू द्यायची, मग जीव झाले म्हणून मारायचे, याला नाइलाज कसं म्हणायचं? जीव जन्मूच नयेत अशी जागा कोरडी ठेवणं, ही माझ्या मते उपवासाइतकीच मोठी साधना आहे. फटी भरण्याआधी मी तीन दिवस दिवा लावून ठेवला आणि आतले जीव मऊ ब्रशने हळूच बाहेर काढले. वेळ लागला, लागू दे.

सासूबाई आता भिंतीवरच्या कड्याला धरून स्वतः आंघोळीला जातात. परवा म्हणाल्या, “पायाला कोरडं लागतंय गं.” मला तेवढं पुरलं.

यंदा आषाढ लागायच्या आत एकदा वाकून आपापल्या मोरीचे सांधे बघा. आणि पर्युषणात क्षमा मागताना, फवाऱ्याने मारलेल्यांचीही मागा. मी मागणार आहे.